हॉल्डमनांचं घर

वेनरिक काउंटीत घर विकत घेता येतं, घराचं नाव विकत घेता येत नाही. आर्डिथ ट्रेक्सलरला हे कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात.

तिने आणि एल्वुडने मिल क्रीक ओढ्याच्या काठावरचं दगडी घर लिलावात घेतलं होतं. घर गरम ठेवायला लागणारं तेल संपत आलं, म्हणून तिने दुकानात फोन केला.

"ट्रेक्सलर. मिल रोड," तिने सांगितलं.

"मिल रोडवर ट्रेक्सलर कुणी नाहीत, बाई."

"अहो, मी तिथूनच तर बोलतेय!"

पलीकडे वही चाळल्याचा आवाज. मग एकदम, "हां हां, हॉल्डमनांच्या घरातून बोलताय होय! मग तसं सांगा ना. ट्रेक्सलर ट्रेक्सलर काय लावलंय?"

म्हातारा हॉल्डमन तेव्हा मरून गेला होता, त्याची मुलं ओहायोला निघून गेली होती, आणि घराची किल्ली आर्डिथच्या एप्रनच्या खिशात होती. संध्याकाळी एल्वुडला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. तो खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा, त्याला यात नवल काहीच नव्हतं.

"हॉल्डमन जिवंत होता तोवर याला फेनरांचं घर म्हणायचे. माझे वडील जन्मले त्या घराला लोक आजही क्लाइनांचं घर म्हणतात. क्लाइन नावाचा माणूस डोळ्यांनी पाहिलेला एकही जण उरलेला नाही."

"मग याला आपलं नाव कधी लागणार?"

"आपण गेल्यावर," एल्वुड म्हणाला, आणि बूट काढायला बसला.

आर्डिथ हसली नाही. ती दोन डोंगरांपलीकडची, कोळशाच्या खाणींच्या गावातली. तिथे घरं खाणमालकाची असायची आणि त्यांना नावं नसायची, नुसते नंबर. इथे आल्यावर चर्चमधल्या बायका तिच्या बोलण्यातले हेल ऐकून एकमेकींकडे बघायच्या आणि "डोंगरापलीकडची" एवढंच म्हणायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. जवळचंही काही नव्हतं. आपल्या नावाचं एक घर असावं, आणि कुणीतरी कुणाला तरी रस्ता सांगताना ते नाव घ्यावं, एवढी एक इच्छा तेव्हापासून तिच्या मनात घर करून राहिली. बोलली मात्र ती एल्वुडखेरीज कुणाजवळ नाही. हळूहळू तीही फोनवर "हॉल्डमनांच्या घरातून बोलतेय" असं म्हणायला शिकली.

एल्वुड काउंटीच्या रस्ते खात्यात होता. हिवाळ्यात बर्फ सारायचा, उन्हाळ्यात खड्डे भरायचा. मुलगा क्रेग शाळेत जाऊ लागला तेव्हा आर्डिथने शाळेची बस चालवायला घेतली, आणि वयाची सत्तरी जवळ येईपर्यंत चालवली. काउंटी कशी वाढली हे कुणाला आकड्यांवरून कळलं असेल, कुणाला वर्तमानपत्रावरून. आर्डिथला ते आरशातून कळलं.

डोक्यावरच्या त्या लांबट आरशात आधी दिसायची ती शेतकऱ्यांची मुलं. सगळ्यांची मिळून आडनावं चार, अंगाला गोठ्याचा वास, आणि निम्मी एकमेकांची चुलत भावंडं. बस एका थांब्यावरून निघाली की पुढच्या थांब्यापर्यंत मका, गवत, सफरचंदांच्या बागा, चुनखडीचे दगड रचून घातलेले बांध. थांब्यांनाही घरांचीच नावं. रस्त्याकडेला दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्याशी ताटकळत उभी असलेली पोरं ती हॉर्न न वाजवता उचलायची, कारण हॉर्नला गाई बुजायच्या.

मग फिलाडेल्फियाकडचा मोठा रस्ता रुंद झाला आणि शहर तासाभरावर आलं. रप कुटुंबाची सफरचंदाची बाग तोडली, तिथे एकाला एक लागून घरं उठली आणि त्या वसाहतीला नाव दिलं ऑर्चर्ड रन. "झाडं तोडायची आणि पाटीवर बाग लिहायची," एल्वुड म्हणायचा, "हे बरंय." तितरांचं रान गेलं तिथे तितरांच्या नावाची वसाहत आली. आर्डिथच्या आरशात आता एका थांब्यावर अख्खी बस भरू लागली. आडनावं इतकी वेगवेगळी, की वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ती प्रत्येकाला विचारायची, "नीट म्हणून दाखव रे बाळा, मी चुकीचं म्हणायला नको." मुलांना तिचं हे आवडायचं. पण ती मुलं मोठी झाली की काउंटीतून निघून जायची, तशीच क्रेगही गेला. काउंटीची वस्ती दुपटीवर गेली, तिपटीवर गेली, आणि मिल रोडवर आर्डिथच्या ओळखीची माणसं मात्र दर वर्षी कमी होत गेली.

नव्या लोकांना घरांची नावं लागत नसत. त्यांना नंबर पुरे. आर्डिथला कधीकधी वाटायचं, आपण फिरून त्या खाणीच्या गावातच पोचलो की काय.

एल्वुडला शेवटच्या आजारपणातही थट्टा सुचायची. "तुला घराला नाव हवंय ना? बघ, मी माझ्या परीने प्रयत्न करतोय." तो गेला. टेकडीवरच्या चर्चमागे त्याचा दगड बसला, त्यावर ट्रेक्सलर हे नाव लगेच आलं, तिथे कुणी हॉल्डमन म्हटलं नाही. घराचं तसं झालं नाही. एक ट्रेक्सलर अजून आत राहत होती, म्हणून घर हॉल्डमनांचंच राहिलं.

क्रेग दर रविवारी ॲरिझोनाहून फोन करायचा. गेली दोन वर्षं त्याचं एकच म्हणणं होतं. "मॉम, इकडे ये. इथे बर्फ नाही, पायऱ्या नाहीत. आमच्या घरामागे तुझ्यासाठी खोली बांधलीय." आर्डिथ म्हणायची, "बघते." ती खरंच बघत होती. कधी वाटायचं जावं. दिवसचे दिवस आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, दुकानातल्या मुलीशी दोन शब्द बोलायचे म्हणून दूध थोडं थोडं आणायचं, हे काही खरं नाही. या रविवारी हो किंवा नाही सांगते, असं तिने क्रेगला कबूल केलं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बंबवाल्यांचं जेवण होतं.

ऑक्टोबरातलं हे जेवण मिल रोडवरच्या बंबाच्या हॉलमध्ये दर वर्षी होतं. आग विझवणारे सगळे गावातलेच, बिनपगारी. गाडीच्या टायरांपासून शिडीपर्यंत सगळं या जेवणाच्या पैशांवर चालतं. जेवण म्हणजे कोंबडीचा पॉटपाय. नावात 'पाय' असला तरी ती सारण भरून भाजलेली पेस्ट्री नव्हे. पीठ मळून, लाटून, चौकोनी तुकडे कापून ते कोंबडीच्या उकळत्या रश्श्यात सोडायचे. आपल्या वरणफळांची सख्खी बहीणच. तुकडे एकेक करून सोडावे लागतात, आणि वरून ढवळायचं नाही, नाहीतर गोळा होतो. सोडण्याचं काम आर्डिथचं. हे काम डोंगरापलीकडचीला मिळायलाही वर्षं लागली होती. आधी नुसती गाजरं चिरायला देत.

शेजारी फर्न रप लाटत होती. फर्न आर्डिथहून मोठी, कमरेत वाकलेली, जिभेला मात्र धार. तोडलेली सफरचंदाची बाग तिच्याच सासऱ्यांची.

"या पिठाला मीठ कुणी घातलं?" फर्न म्हणाली. "समुद्र ओतलाय नुसता."

"तूच घातलंस."

"मग बरोबर असेल."

चार वाजून गेले होते. हॉल भरला होता, बाहेर रांग होती. तेवढ्यात कर्णा खरखरला आणि बंबवाल्यांचा प्रमुख डेल बोलू लागला. डेल फेन्स्टरमाखर आता पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण आर्डिथच्या लेखी तो अजून बसमधला दुसऱ्या बाकावरचाच होता. एकदा त्याने डब्यातून साप आणला होता.

"मंडळी, इथली जागा भरली. गाड्या ट्रेक्सलरांच्या कुरणात लावा. रस्त्याने खाली, अक्रोडाचं झाड, तिथून डावीकडे. ट्रेक्सलरांचं कुरण!"

आर्डिथचा हात रश्श्यावर तसाच थांबला.

दर वर्षी गाड्या तिच्याच कुरणात लागत. डेल आठवडाभर आधी विचारायला येई, ती हो म्हणे. आणि दर वर्षी कर्ण्यातून एकच नाव यायचं, हॉल्डमनांचं कुरण. आज पहिल्यांदा तिने आपलं नाव ऐकलं, तेही कर्ण्यातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. क्षणभर तिला वाटलं, बाहेर जाऊन एल्वुडला सांगावं. मग तो नाही हे आठवलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही आठवलं. नाव कधी लागतं ते.

गाजरं चिरणाऱ्या दोघी खाली बघून चिरत राहिल्या.

"सुटलीस बाई हॉल्डमनांच्या तावडीतून," फर्न म्हणाली, पण तिचा आवाज थट्टेचा नव्हता.

"फर्न, मी इथेच उभी आहे ना?"

"उभी आहेस."

"मग?"

फर्नने लाटणं बाजूला ठेवलं. "मला वाटलं होतं तू आपणहून सांगशील. मी वाट बघत होते. एवढ्या वर्षांची मैत्री, आणि मला दुसऱ्याकडून कळावं? क्रेगने डेलला फोन करून सांगितलं म्हणे, की तू जातेस."

"मी अजून क्रेगलाच सांगितलेलं नाही."

"अगं बाई," फर्न म्हणाली, आणि लाटणं उचलून लाटलेलंच पीठ पुन्हा लाटू लागली. 

थोड्या वेळाने डेल कॉफी घ्यायला आत आला.

"डेल," आर्डिथ मागे न वळता म्हणाली, "माझं कुरण ट्रेक्सलरांचं कधीपासून झालं?"

डेलचे कान लाल झाले. सापाच्या दिवशी झाले होते तसेच. "अहो मिसेस ट्रेक्सलर, ते आपलं तोंडातून निघून गेलं."

"साप पण डब्यातून निघूनच गेला होता."

"क्रेगचा फोन आला होता," डेल म्हणाला. कप त्याने या हातातून त्या हातात घेतला. "तो पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्हाला न्यायला येतोय. म्हणाला, तुम्ही गेलात की पाणी गोठायच्या आत घरातल्या पाइपांमधलं सगळं पाणी काढून टाक, अधूनमधून नजर ठेव. मी हो म्हटलं. तुम्हाला माहीत नसेल असं कसं वाटेल हो मला?"

"तुझी चूक नाही."

"मी परत सांगू का कर्ण्यावर? दुरुस्ती करून?"

"काय सांगशील? बाई अजून जिवंत आहे म्हणून?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. आर्डिथने पिठाचा पुढचा तुकडा उचलला, रश्श्यात सोडला, मग त्यापुढचा. रस्सा उकळत होता तोवर काम थांबवता येत नव्हतं. तिच्या मनात मात्र एकच हिशोब चालू होता. क्रेगने ठरवलं. डेलने ऐकलं. डेलने कुणाला मुद्दाम सांगितलंही नसेल, त्याच्या तोंडातलं नाव आपोआप बदललं. इथे लोक वाईट वागत नाहीत. फक्त तुम्ही गेलात असं एकदा मनाने घेतलं, की रस्त्याच्या खुणा बदलून मोकळे होतात.

सहाच्या सुमारास शेवटचं पातेलं वाढायला गेलं. फर्नने एक डबा भरून तिच्या हातात दिला. "खारट आहे," ती म्हणाली. "पाणी घाल." मग डबा सोडायच्या आधी क्षणभर तसाच धरून ठेवून म्हणाली, "तू गेलीस तर मी लाटायला येणार नाही पुढच्या वर्षी. सांगून ठेवते."

आर्डिथ चालतच घरी निघाली. घर लांब नव्हतं. दिवस मावळला होता, पण उजेड अजून होता. अक्रोडाखाली फळं पडून फुटली होती आणि त्यांच्या हिरव्या सालींचा कडवट वास रस्त्यावर आला होता. त्यामागे घर दिसलं, आणि ती थांबली. एवढ्या वर्षांत तिने ते घर कितीदा पाहिलं असेल, बसमधून, गाडीतून, बर्फातून. पण ट्रेक्सलरांचं घर म्हणून ती आज पहिल्यांदा बघत होती. चांगलं घर होतं. दगड स्वच्छ, छप्पर सरळ. कुणीतरी इथे नीट राहिलं असावं, असं वाटण्यासारखं.

कुरणाच्या तोंडाशी एक गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर थांबली होती. काच खाली झाली. आत हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतली एक तरुण बाई होती, मागे दोन मुली.

"माफ करा, हॉलपाशी सांगितलं ते ट्रेक्सलरांचं कुरण इथेच का? फोनच्या नकाशात काही सापडत नाही."

"इथेच. लावा. लवकर जा पण, जेवण संपत आलंय."

"ड्यूटी उशिरा सुटली. आम्ही मागेच राहतो, ऑर्चर्ड रनमध्ये. माझं नाव लिन्ह." तिने घराकडे बघितलं. "ट्रेक्सलर म्हणजे कोण? इथे राहायचे का?"

"हो, राहाय..." आर्डिथच्या तोंडून शब्द निघाला आणि अर्ध्यावर अडकला. बसमध्ये पोरांनी चुकीचं काही म्हटलं की ती जशी थांबायची, तशी ती थांबली. "राहतात," ती म्हणाली. "एकजण राहते. मी."

लिन्हचा चेहरा पडला. "अहो, खरंच? आम्हाला तर वाटलं घर रिकामं आहे. चार वर्षं माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसतं."

"दिवा असतो की संध्याकाळी."

"हो, रोज त्याच वेळेला लागतो, त्याच वेळेला जातो. मी नवऱ्याला म्हणायचे, ते यंत्र लावलं असेल. चोर येऊ नयेत म्हणून लोक लावतात ना, आपोआप लागणारं."

मागच्या एका मुलीने पुढे वाकून आईला बोटाने ढोसलं. आर्डिथला हसू आलं. मनापासून आलं.

"यंत्रच आहे," ती म्हणाली. "जुनं आहे, पण चालतंय. जा, मुली भुकेल्या असतील."

घरात आल्यावर तिने डबा ओट्यावर ठेवला आणि रविवारची वाट न बघता ॲरिझोनाला फोन लावला.

"मॉम? आज शनिवार ना? काय झालं?"

"डेलने आज कर्ण्यावर सांगितलं, गाड्या ट्रेक्सलरांच्या कुरणात लावा."

क्रेग याच घरात वाढलेला. अर्थ सांगावा लागला नाही.

"मी त्याला फक्त पाइपांचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू हो म्हणणारच आहेस. तू काळजी करत बसतेस म्हणून आधीच सोय करून ठेवावी. मॉम, तू तिथे एकटी आहेस."

"आहे."

"दिवसभर कुणाशी बोलत नाहीस."

"नाही बोलत."

"मग कशासाठी राहायचं तिथे?"

आर्डिथने खिडकीतून बाहेर पाहिलं. ऑर्चर्ड रनमधल्या घरांचे दिवे लागले होते, ओळीने, एकसारखे. त्यातली लिन्हची खिडकी कुठली ते तिला माहीत नव्हतं. चार वर्षांत तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"क्रेग, तू चांगला मुलगा आहेस," ती म्हणाली. "थँक्सगिव्हिंगला ये, सगळ्यांना घेऊन ये. टर्की मी करते. पण न्यायला येऊ नकोस. एक दिवस मी जाईनच, इथून नाहीतर जगातून. पण मी गेले हे सगळ्या गावाला कळायच्या आधी मला कळायला हवं की नाही?"

क्रेग वाद घालणार होता. घातला नाही. म्हणाला, "उद्या नेहमीच्या वेळेला फोन करू ना?"

"कर. मी कुठे जातेय?"

फोन ठेवल्यावर घरात जी शांतता पसरली ती नेहमीचीच होती. तिच्यात काही फरक पडला नव्हता, आणि पडेल अशी आर्डिथची समजूतही नव्हती. बाहेर गाड्या सुरू होऊ लागल्या. एकेकीचा उजेड स्वयंपाकघराच्या भिंतीवरून सरकत जाई. कुरणातून मिल रोडवर वळताना वळणामुळे पलीकडचं काही दिसत नाही. दर वर्षी तिथे बॅटरी घेऊन एल्वुड उभा राहायचा. तो गेल्यापासून कुणी राहिलं नव्हतं. आर्डिथने कोट घातला, एल्वुडची बॅटरी घेतली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. बसच्या दिवसांत मुलं रस्ता ओलांडेपर्यंत धरायची तसा तिने हात आडवा धरला. गाड्या थांबल्या, वळल्या, निघाल्या. बहुतेकांनी मान वर करूनही बघितलं नाही. एका गाडीतून दोन लहान हात हलले, त्या लिन्हच्या मुली असाव्यात.

सगळ्यात शेवटी डेलचा ट्रक आला आणि तिच्यापाशी थांबला.

"मिसेस ट्रेक्सलर, थंडीत कशाला उभ्या राहिलात? मग, त्या पाइपांचं काय करायचं?"

"राहू देत भरलेले."

डेलने मान हलवली. हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"आणि डेल, पुढच्या वर्षी कर्ण्यावर लोकांना नीट सांग."

"काय सांगू?"

"हॉल्डमनांचं कुरण," आर्डिथ म्हणाली. "लोक चुकतात उगाच."

ट्रकचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. रस्त्यावर कुणी उरलं नव्हतं, तरी ती आणखी थोडा वेळ हात आडवा धरून उभी राहिली. मग बॅटरी बंद करून ती आत गेली आणि फर्नने दिलेला डबा चुलीवर ठेवला. त्यात तिने थोडं पाणी घातलं.